प्लेअरचं फर्मवेअर बदललं की आवाज खरंच सुधारतो का?

ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस गाणी दिली, स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये. त्याबरोबर एक जुना वादही परत आलाय. वॉकमनसारख्या म्युझिक प्लेअरमध्ये हौशी लोकांनी बनवलेलं फर्मवेअर टाकलं, की आवाज म्हणे 'मोकळा' होतो, 'बेस भरीव' होतो. मला याबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून आज जरा नीट उलगडून बघूया.

माझं थोडक्यात उत्तर असं: काही बदलांनी आवाज नक्की बदलतो, पण ज्या बदलांचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो, त्यातल्या बऱ्याच बदलांनी काहीच होत नाही.

आधी प्लेअरच्या आत काय चालतं ते बघू

गाण्याची फाइल म्हणजे आकडे. सॉफ्टवेअर हे आकडे उलगडून डॅक नावाच्या चिपला देतं, ती चिप त्यातून विजेचा सिग्नल तयार करते आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून हेडफोनला पाठवतो. तेव्हा कुठल्याही ट्वीकबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: डॅककडे जाणारे आकडे किंवा डॅक आणि ॲम्प्लिफायरची सेटिंग यातलं काही बदललं का?

इक्वलायझर, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, क्रॉसफीड, डॅकचा डिजिटल फिल्टर, गेन यांनी फरक पडतो, तो मोजताही येतो. रॉकबॉक्स हे ओपन सोर्स फर्मवेअर २००१ पासून अशाच सोयी देतंय. अँड्रॉइडवर आणखी एक भानगड आहे. सीडीच्या दर्जाचं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं असतं, पण बऱ्याच फोनमध्ये सिस्टीम त्याचं ४८ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर करते. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅक जोडल्यावर ॲपला हे टाळता येतं. मात्र रूपांतर नीट केलेलं असेल तर तो फरक कानाला कळणं कठीणच.

आता दुसरा गट: प्रोसेसरचा वेग बदलणं, बॅकग्राउंड सर्व्हिसेस बंद करणं, गाणं आधी रॅममध्ये घेऊन वाजवणं. यात आकडे तेच राहतात. 'पण आकडे पोचण्याची वेळ सुधारते ना?' असं सांगितलं जातं. इथे गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पंप हिसके देत चालला तरी टाकीत पाणी आहे तोवर नळाची धार तशीच राहते. प्लेअरमधला बफर म्हणजे ती टाकी, आणि धार ठरवतं ते हार्डवेअरमधलं घड्याळ. टाकी रिकामी झाली तर आवाज तुटेल, खरखर येईल. पण 'भरीव' वगैरे होणार नाही. प्रोसेसरची विद्युत खरखर आउटपुटमध्ये शिरू शकते, हे खरं. तसं होत असेल तर मात्र ते मोजमापात दिसलं पाहिजे.

मग लोकांना फरक ऐकू का येतो?

ते खोटं बोलतात असं मी अजिबात म्हणणार नाही. आपला कान किंचित मोठ्या आवाजाला 'चांगला' समजतो. एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही, 'स्पष्ट' वाटतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरवर सुरक्षेसाठी आवाजाची मर्यादा असते, आणि काही ट्वीक नेमकी तीच काढतात. त्यात अर्धा तास फर्मवेअर टाकण्यात घालवल्यावर मनालाही फरक हवाच असतो!

खात्री करायची असेल तर मार्ग आहे. आधीचं आणि नंतरचं आउटपुट ऑडिओ इंटरफेसने रेकॉर्ड करा. दोन्हींची पातळी तंतोतंत जुळवा. मग फूबार २००० मधल्या एबीएक्स चाचणीत, कोणतं रेकॉर्डिंग वाजतंय हे माहीत नसताना ओळखून बघा. दहापैकी नऊ किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. तेवढं जमलं तर फरक खरा माना. पाच-सहा वेळाच जमलं, तर नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं.

हे एवढं ताणायचं कशाला?

कारण यात तुमचं नुकसान होऊ शकतं. फर्मवेअर चढवताना गडबड झाली तर प्लेअर बंद पडू शकतो आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. कानांचं तर त्याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास! गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही अपडेटने परत येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: आधी हेडफोन कानात नीट बसतोय का ते बघा, कारण इअरटिप सैल असेल तर बेस तिथेच जातो. मग इक्वलायझर वापरा, आणि बेस ५ डेसिबल वाढवला तर प्रीॲम्प तेवढाच कमी करा, नाहीतर आवाज फाटेल. ब्लूटूथवर ऐकत असाल तर लॉसलेससाठी जादा पैसे मोजण्याआधी एक हिशेब करा: सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात आणि एलडॅक जास्तीत जास्त ९९० पाठवतो, म्हणजे तिथे काटछाट होतेच. हे सगळं करूनही फर्मवेअरची खाज उरली तर सोयीसाठी जरूर टाका, बॅटरी किंवा मेन्यू सुधारत असेल तर उत्तमच. फक्त 'आवाज सुधारतो' असं कुणी म्हटलं, की आधी मोजमाप मागा.