काचेवरचा चिखल आणि आमचं ‘इन्शाअल्लाह’



मागच्या महिन्यात जालन्याला वलीमा होता. राजूरला परतताना मगरिब होऊन गेली होती, नुकतीच एक सर पडलेली. गाडी मी चालवत होते. मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर आला. मी दांडी ओढली, वायपर फिरले, पण पाणी आलंच नाही. चिखल निघायचा सोडून काचभर सारवला गेला. तेवढ्यात समोरून दिवे आले आणि काच पांढरी झाली. कडेने चाललेला सायकलवाला दिसला तो अगदी जवळ गेल्यावर. ब्रेक लागला, अल्लाहचं करम. गाडी बाजूला घेऊन बाटलीतल्या पाण्याने काच धुतली, तेव्हा माझे हात थरथरत होते.

काचेवर पाणी मारणारा पंप बंद आहे, हे आम्हाला दोन महिन्यांपासून माहीत होतं. “रविवारी बघू, इन्शाअल्लाह,” असं हे म्हणायचे, मीही म्हणायचे. इन्शाअल्लाह म्हणायचं ते काम करायचा इरादा करून. आम्ही काम टाळायला म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर बोनेट उघडलं. दहावीतली लेक बॅटरी धरून शेजारी. आधी टाकीत पाणी आहे ना, ते पाहिलं. मग लेकीने दांडी ओढली आणि मी कान दिला. पंपाची घरघर ऐकू आली आणि तरी पाणी नसेल, तर नळी निसटलेली असते किंवा फवाऱ्याचं भोक बुजलेलं असतं. बारीक सुईने ते मोकळं होतं. आवाजच नसेल तर फ्यूज पाहायचा. आमचा फ्यूज शाबूत होता. पंपाचा प्लग काढून त्याला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला आणि लेकीला पुन्हा दांडी ओढायला सांगितली. दिवा लागला. म्हणजे वीज येत होती, पंप मेला होता. दिवा लागला नसता तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

जुना पंप दाखवून तसाच नवा आणला. काही शे रुपयांचं काम. रबराची वायसरही नवीनच घ्यावी, नाहीतर तिथून पाणी झिरपतं. आमच्या गाडीत टाकी पुढच्या चाकामागे, प्लॅस्टिकच्या आवरणाआड आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात जातो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणी शिरू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, खाली बादली ठेवली, कारण पंप निघताच टाकी रिकामी होते. प्लग आणि नळी काढून पंप ओढला. मागच्या काचेलाही पाणी जात असेल तर नळ्या दोन असतात. त्यांवर आधीच खूण करावी. टाकीतला गाळ धुतला, वायसर पाण्याने ओली करून नवा पंप दाबून बसवला. सगळं तासाभरात झालं.

आता टाकीत बोअरचं पाणी घालत नाही. ज्या जड पाण्याने आपल्या बादल्यांना पांढरा थर चढतो, तेच फवाराही बुजवतं. फिल्टरचं पाणी घालते. टाकी रिकामी असताना दांडी ओढत राहू नये, कोरडा पंप लवकर जळतो.

काम चालू असताना गल्लीतला एक मुलगा म्हणाला, “आपा, हे बायकांचं काम आहे का?” उत्तर लेकीने दिलं. गाडीची काच आतून पुसायच्या वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनीच घेतलं होतं. आणि आपल्या घरात तर याहून मोठा दाखला आहे. प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपली पादत्राणं स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत.

रस्त्यावरून त्रासदायक वस्तू दूर करणं ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. मी त्याचा अर्थ काटा आणि दगड एवढाच घेत आले होते. त्या रात्री रस्त्यावरची त्रासदायक वस्तू माझीच गाडी होती. तो सायकलवाला कोण होता, मला माहीत नाही. त्याच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेल.

तुमच्या घरातही ‘रविवारी बघू’ असं एखादं काम असेल. या रविवारी ते करून टाका, इन्शाअल्लाह.