सोयरसुतक

रजेच्या अर्जातला ड्रॉपडाऊन तुम्हाला माहीतच असेल. २०१९ च्या जुलैमध्ये, पुण्यातल्या माझ्या पहिल्यावहिल्या नोकरीत, मी तो उघडून बसले होते. कारण : मृत्यू. पुढचा रकाना : मृत व्यक्तीशी नातं. आई, वडील, पती किंवा पत्नी, मूल, भाऊ, बहीण. बस्स! मी माऊसचं चाक दोनदा वरखाली फिरवलं. 'मैत्रीण' कुठेच नव्हती.

शेवटी टीम लीडकडे गेले. माणूस वाईट नव्हता हं. त्यानं विचारलं, 'क्लोज होती का?' मी म्हटलं, 'शाळेतली मैत्रीण.' म्हणता म्हणताच मला जाणवलं, हे दोन शब्द किती चिल्लर वाटतात. जणू कुणी शाळेतली कंपासपेटी हरवल्याची तक्रार करतंय. तो म्हणाला, 'हाफ डे घे.' आता हाफ डेमध्ये पुण्याहून नांदेडला जाऊन येणारा माणूस मला दाखवा! रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नुसतं जायलाच नऊ-दहा तास लागतात.

मग आजीला फोन केला. आजी म्हणाली, 'उगं रडू नको माय. आपल्याला काही सोयर नाही, सुतक नाही. डोक्यावरून आंघोळ कर अन् देवाला नमस्कार कर.' म्हणजे एचआर आणि आजी, दोघींची पॉलिसी एकच निघाली!

मी आंघोळ केली. सोमवारचं प्रेझेंटेशन पूर्ण केलं. नांदेडला गेले नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाहीये. तिच्या आजाराबद्दल लिहायचंय आणि तो तिच्या घरचा विषय आहे. पण वर्गात तिला एक नाव होतं, ते सांगते. 'एकवीस'. हे नाव तिनं स्वतःच पाडून घेतलं होतं, त्यामुळे तेच वापरू.

आमची ओळख पाचवीतली. साल २००८. त्या वर्षी नांदेडला गुरू-ता-गद्दीचा ३०० वर्षांचा सोहळा झाला. त्याच्या तयारीत गावाला नवे, रुंद रस्ते मिळाले आणि आम्हाला घरून सायकली. त्या रस्त्यांवर आम्ही दोघींनी जे काही केलंय ना, ते आमच्या आयांना अजूनही पूर्ण माहीत नाही. एकवीस सायकल सॉलिड चालवायची. मी कायम मागे, दप्तर सांभाळत.

सहावीत तिचे गुडघे सुजले. मग घोटे. सगळे म्हणाले, वाढीचं वय आहे, दुखणारच. पुढे ताप उतरेना, तेव्हा एका डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. संधिवाताचा ताप. तो असा येतो : आधी घशाला स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंचा संसर्ग होतो, जो आपण 'घसा धरलाय' म्हणून सोडून देतो. त्या जंतूंशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. साधारण ५ ते १५ या वयातल्या मुलांना. सांधे बरे होतात. झडपेचं नुकसान बरेचदा कायमचं राहतं. पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडू नये, म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. इंजेक्शन जाड आणि जाम दुखणारं. पुढचे दोन दिवस ती पाय ओढत चालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, 'एकवीस झाले ना!' झालं, नाव पडलं.

दहावीनंतर नांदेडच्या हुशार पोरापोरींचं जे व्हायचं तेच आमचंही झालं. खरं तर नांदेडातही क्लासेस होते, पण आमच्या दोघींच्या बाबांना 'लातूर पॅटर्न'च हवा होता. २०१४ च्या जूनमध्ये आम्ही लातूरला. ट्यूशन एरियात एक खोली, तीन कॉट, भिंतीवर मेंडेलीव्हची सारणी आणि तिच्या शेजारी कालनिर्णय. कालनिर्णयवर दर एकविसाव्या दिवशी गोल. अगदी तस्सेच गोल नांदेडला तिच्या आईच्या कालनिर्णयवर. काकू त्या दिवशी संध्याकाळी फोन करायच्या. तिला नाही, मला! 'घेतलं का गं तिनं?' लेकीवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

आता एप्रिल २०१६. तेव्हाचं लातूर तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या खोलीत तिघींना मिळून दोन बादल्या. बाहेरगावची मुलं भराभर घरी परतत होती. पण ५ मेला सीईटी होती, त्यामुळे आम्ही चिकटून बसलेलो. त्यात २८ तारखेला सुप्रीम कोर्टानं नीट लागू केली आणि उरलीसुरली झोपही उडाली.

एकवीसचा गोल होता २४ एप्रिलला. रविवार. क्लासमध्ये फुल सिलॅबसची टेस्ट. ती म्हणाली, 'दोन दिवस लंगडत पाणी कोण भरणार? सीईटी झाली की नांदेडला जाऊन घेते. आईला सांगू नको.'

संध्याकाळी काकूंचा फोन आला. 'घेतलं का गं तिनं?'

मी म्हटलं, 'हव काकू, घेतलं.'

बारा दिवस उशिरानं, नांदेडला जाऊन तिनं इंजेक्शन घेतलं. काही झालं नाही. आम्ही हसलोसुद्धा. सीईटीत दोघीही आपटलो. ती नांदेडला बी.एस्सी.ला गेली, मी पुण्याला मास कॉमला. फोन, मेसेज, मग फक्त वाढदिवस. ती दमते हे तिनं सांगितलं होतं. जिना चढताना थांबावं लागतं, हेही. मी उत्तरात काय पाठवलं, ते मी नंतर शोधून वाचलं. हसणारी बाहुली आणि 'म्हातारी झालीस.' २०१९ च्या जुलैत तिला ताप आला, श्वास पुरेना आणि चार दिवसांत संपलं. वय वर्षं २०.

तर मंडळी, हाफ डेचं कारण मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना ऐकवलं. कॉर्पोरेटमध्ये माणुसकी नाही वगैरे. लोक माना डोलवायचे. पण आता मी फ्रीलान्स करते, म्हणजे माझी रजा मंजूर करणारी मीच. तरीही नांदेडला घरी जायचे तेव्हा तरोड्याकडचा रस्ता टाळायचे. मला रजा मिळाली नाही म्हणून मी गेले नाही, हे खोटं होतं. काकूंसमोर उभं राहायची माझी टाप नव्हती, हे खरं. त्या ड्रॉपडाऊननं मला अडवलं नाही, वाचवलं.

गेल्या दिवाळीत गेले. का, ते नीट सांगता येणार नाही. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, 'वाळलीस की गं. काय खायलीस तिकडं?' मग सुशीला केला. (पुण्याच्या माझ्या रूममेट्स अजूनही विचारतात, सुशीला कोण? अगं, भिजवलेले मुरमुरे, फोडणीचे!) खाता खाता त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढला. कालनिर्णय. २००९ पासून २०१९ पर्यंतची सगळी, सुतळीनं बांधलेली. प्रत्येक पानावर निळ्या पेनाचे गोल आणि गोलापुढे बरोबरची खूण.

मी एप्रिल २०१६ चं पान काढलं. २४ तारखेला गोल होता. पुढे खूणही होती. ती खूण माझ्या शब्दावर केलेली होती.

मी सांगून टाकलं. सगळं. बादल्या, टेस्ट, फोन.

काकू उठून आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टरला मी विचारलं होतं, कुठं चुकलं म्हणून. ते म्हणाले, झडप आधीच लई खराब होती, एका सुईचा हिशोब लावू नका.' मला वाटलं, सुटले. पण त्या थांबल्या नव्हत्या. 'राग यायलाय मला तुझा. खोटं बोललीस म्हणून यायलाय, अन् आली नाहीस म्हणून त्याहून जास्ती. पाव्हणे तेरा दिवस आले, जेवले, गेले. त्यातल्या कुणाला माहीत होतं ती सायकल कशी चालवायची? तुला माहीत होतं. मला तिच्याबद्दल बोलायचं होतं गं. कुणासंगं बोलू?'

मी डोक्यात हिशोब मांडत बसले होते, गुन्हा किती आणि शिक्षा किती. तिकडे एक बाई नुसती वाट बघत होती, की आपल्या लेकीला ओळखणारं कुणीतरी येईल.

त्या संध्याकाळी मी काकूंना सायकलचे सगळे किस्से सांगितले. अगदी गोवर्धन घाटाच्या उताराचासुद्धा, जो आम्ही कधीच कुणाला सांगणार नव्हतो. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, 'अजून एक सांग.'

दोन गोष्टी सांगते आणि थांबते. पहिली. हा आजार पूर्वीचा वाटतो, पण जगात दरवर्षी तीन लाखांहून जास्त माणसं अजूनही त्यानं जातात. मुलाचा घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, तर 'वाढीचं दुखणं' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांमधल्या मुलांची जी तपासणी होते, तिच्यात हा आजारही आहे. आणि इंजेक्शनची तारीख ठरली असेल, तर ती पाळा. एका सुईनं काय होतंय, हे मी आता कुणालाच म्हणू शकत नाही.

दुसरी. मैत्रीला सुतक नसतं. कुणी तुम्हाला दहा दिवस देणार नाही, तेरा देणार नाही, अर्जात रकाना देणार नाही. तरीही जा. उशीर झाला असेल तर उशिरा जा. तुमच्याकडे त्या माणसाचं असं काहीतरी असतं, जे त्याच्या घरच्यांकडेही नसतं. ते नेऊन द्या.

माझ्या मोबाइलमध्ये हल्ली दर २१ दिवसांनी अलार्म वाजतो. मी काकूंना फोन लावते. त्या उचलतात आणि 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत. विचारतात, 'झाले का एकवीस?'

मी म्हणते, 'हव काकू, झाले.'

आता ते खरं असतं.