कोट कोणाचा, घाम कोणाचा?

सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार, रंगमहाल आणि काळ्या कोटाच्या जाड भिंती पाहून परतणारा प्रवासी भारावलेला असतो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म या गावी झाला, हे ऐकून त्याचे मस्तक नमते. त्यात वावगे काही नाही. मात्र ज्या दगडासमोर तो नमतो तो दगड कोणी वाहिला, हा प्रश्न त्याला सुचू नये अशीच इतिहासाची शिकवण आपल्याकडे आजवर दिली गेली आहे.

लखुजी सिंदखेड परगण्याचे देशमुख होते. देशमुखी म्हणजे रयतेकडून सारा वसूल करण्याचा आणि त्यातला हक्काचा वाटा घेण्याचा अधिकार. कोट उभा राहिला तो या वरकड उत्पन्नावर आणि बिनमोल वेठीवर. त्यात हा मुलूख सरहद्दीचा. निजामशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत फौजांची वर्दळ येथे कधी थांबलीच नाही. १७२४ साली साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क व मुबारिझखान झुंजले, १७५७ साली खुद्द सिंदखेडला मराठे आणि निजाम भिडले. जय कोणाचाही होवो, घोडी शिरली ती कुणब्याच्या उभ्या पिकात.

शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असता भिंत कोसळली आणि १३३८ साली चोखोबा तिच्याखाली गेले. तटबंदीचा इतिहास या एका मृत्यूत जितका सापडतो तितका दहा वंशावळींत सापडत नाही. राजवाड्याकडे येणाऱ्या किती वाहनांची चाके मेहुण्याकडे वळतात?

काही मित्र म्हणतील, लोकांच्या श्रद्धेला कशाला डिवचता? हा आक्षेप भाबडा आहे. १६२९ साली निजामशाही दरबारात लखुजींची मुलांसह हत्या झाली. पाठोपाठ १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ आला. त्या उद्ध्वस्त काळानंतर उजाड पुण्यात वस्ती आणि शेती पुन्हा उभी करण्याशी जिजाऊंचे नाव जोडलेले आहे. त्यांचे मोठेपण कोटात शोधणाऱ्यांनी हे नांगरट विसरून टाकले. लखुजींच्या काळातील बांधकामांतही रयतेच्या दृष्टीने खरे मोलाचे काम मोती तलावाचे, ज्याची भिंत किल्ल्याच्या तटासारखी असली तरी अडवते ते पाणी.

२००६ साली केंद्राला ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात ‘मातृतीर्थ विकास’ म्हणजे वाहनतळ, कमानी आणि रोषणाई, एवढाच अर्थ लावणे ही क्रूर थट्टा होय. समाधीजवळ २०२४ साली जतनाचे काम चालू असता शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली तेव्हा सर्वत्र तिची चर्चा झाली. ज्यांच्या कुदळीने ती उजेडात आली त्यांची रोजी काय होती, हे कोणी विचारले नाही.

जतनाला विरोध कोणी करू नये. पण जतनाच्या कामाचा हजेरीपट आणि मजुरीचा दर वास्तूच्या दारावर लागला पाहिजे, तलावांच्या कामाला कमानींच्या आधी पैसा मिळाला पाहिजे, आणि मेहुण्याचे नाव त्याच आराखड्यात आले पाहिजे. १२ जानेवारीला व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याकडून, मग तो आपला का असेना, कार्यकर्त्यांनी याची उत्तरे मागावीत.