संगणकासही वैशाख बाधतो

वर्ध्यास आमचे थोरले बंधु राहतात. गेल्या वैशाखांत त्यांच्याकडे आमचें चार दिवस राहणें झालें. वर्ध्याचा वैशाख ज्यानें सोसला आहे त्यास त्याचें वर्णन नको, आणि ज्यानें सोसला नाहीं त्यास तें खरें वाटावयाचें नाहीं. पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेलेला, भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं नाहीं, आणि घराघरांतून कूलरची घरघर व ओल्या वाळ्याचा वास. अशा एका दुपारीं बंधूंच्या माडीवर आमच्यापुढें एक खटला निवाड्यासाठीं उभा करण्यांत आला. आरोपी संगणक, फिर्यादी आमच्या वहिनी, आणि आरोपीचें वकीलपत्र घेतलेला आमचा पुतण्या.

हा पुतण्या नागपुरास स्थापत्य शिकून घरीं परतला. अद्याप न बांधलेल्या इमारतींचीं हुबेहूब चित्रें संगणकावर करून देणें हा त्याचा व्यवसाय. एकेका चित्रासाठीं यंत्रास सात-आठ तास अखंड गणित करावें लागतें; रात्रीं काम लावावयाचें आणि सकाळीं चित्र उतरून घ्यावयाचें अशी त्याची रीत. यंत्राची किंमत बंधूंच्या निवृत्तिवेतनांतून निघण्याजोगी नव्हती. मातोश्रींनीं आपली एक मुदतठेव मोडून ती दिली, आणि त्या गोष्टीचा पुन्हां उच्चार कोणास करूं दिला नाहीं. पौषांत चिरंजीवांनीं त्या यंत्राचा वेग वाढविला. चैत्र संपेपर्यंत सर्व सुरळीत चाललें. वैशाखांत एका सकाळीं चित्रावर काळे चौकोन उमटलेले दिसले, दुसऱ्या रात्रीं यंत्र मध्येंच बंद पडलें, आणि गिऱ्हाइकास दिलेली तारीख हुकली.

“भावजी, पाणी आणि वीज एका पेटींत कोंडल्यावर दुसरें काय व्हायचें?” वहिनी म्हणाल्या. “मी पहिल्याच दिवशीं बजावलें होतें.”

“काका, पाण्याचा एक थेंबही बाहेर आलेला नाहीं,” पुतण्या म्हणाला. “तुम्हीच पाहा.”

आम्हीं पाहिलें. पेटी कोरडी ठणठणीत होती.

ज्या वाचकांच्या घरीं हा प्रकार अद्याप शिरला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणित करणारा भाग; तो एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ५०० कोटी ठोके. कारखानदार जो वेग लिहून देतो तो हमीचा असतो. परंतु एकाच घाण्याचे लाडू जसे सगळे सारखे वळले जात नाहींत, तसे प्रोसेसरही सारखे निघत नाहींत. कांहींच्या अंगांत थोडा अधिक जोर शिल्लक असतो. तो जोर हातानें काढून घेणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हें करतांना बिघाड झाल्यास कारखानदाराची हमी साधारणतः लागू होत नाहीं, हें आरंभींच ध्यानांत घ्यावें. शिवाय हल्लींचे प्रोसेसर थंडावा व वीज पाहून आपण होऊनच वेग चढवितात. त्यामुळें माणसाच्या हातास उरलेली जागा पूर्वीपेक्षां पुष्कळच थोडी आहे.

पुतण्याच्या वहींत सर्व नोंद होती. (ही वहीची संवय त्याच्या आजोबांची, ते पावसाची नोंद ठेवीत.) त्यानें वेग ५.० वरून ५.३ गिगाहर्ट्झवर नेला होता, आणि वाढलेल्या ठोक्यास जोर पुरावा म्हणून विजेचा दाब १.२५ व्होल्टवरून १.३५ व्होल्ट केला होता. येथेंच खरी मेख आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, परंतु दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत वाढते. हिशेब करून पाहतां वेग शेंकडा ६ नें वाढला आणि उष्णता शेंकडा २४ नें! आठ तासांच्या कामांत वांचलीं सत्तावीस मिनिटें. आम्हीं हें बोलून दाखविलें तेव्हां तो म्हणाला, “काका, रोज सत्तावीस मिनिटें म्हणजे महिन्यास एक चित्र जास्त.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. ज्यांच्या घरीं संगणक पत्रें लिहिण्यास व वीजबिल भरण्यास आहे, त्यांनीं मात्र ह्या वाटेस जाण्याचें कांहींच कारण नाहीं.

आतां पाणी. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसविलेला असतो. पंप त्यांतून द्रव फिरवितो. तो द्रव नळ्यांवाटे रेडिएटरकडे जातो आणि तेथें पंखे त्याची उष्णता हवेस देऊन टाकतात. मोटारीच्या बोनेटखालीं जी व्यवस्था तीच येथें. हा द्रव नुसतें नळाचें पाणी नसून त्यांत गंज व शेवाळ न धरणारीं द्रव्यें घातलेलीं असतात, आणि बंद संच विकत घेतला तर तो उघडावयाचाच नसतो. वहिनींचें समाधान व्हावें म्हणून आम्हीं त्यांस पुण्याचा दाखला दिला. तेथील आयसर संस्थेंत २०१९ सालीं ‘परम ब्रह्म’ नांवाचा महासंगणक बसविला आहे, त्यांतही द्रवच थेट प्रोसेसरपाशीं नेऊन उष्णता काढून घेतात. ज्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं पहिला ‘परम’ तयार झाला ते तर आपल्या वऱ्हाडांतले, अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे, हें ऐकल्यावर वहिनींचा पाण्यावरील राग बराच निवळला.

पुतण्याची चूक निराळी होती, आणि ती पुष्कळ शहाणीं माणसें करतात. पाणी म्हटलें कीं थंडावा, अशी आपली समजूत आहे. कारण आपण माठ पाहिलेला असतो व कूलर पाहिलेला असतो. पण माठाचें पाणी थंड होतें तें पाझरून वाऱ्यावर उडून जातें म्हणून. उडतांना तें आपली उष्णता बरोबर नेतें. संगणकांतील द्रव नळींत कोंडलेला. तो उडणार कोठून? तो केवळ हमाल आहे. प्रोसेसरपाशीं उष्णतेचें ओझें उचलावें आणि खोलींतल्या हवेंत नेऊन टाकावें, एवढेंच त्याचें काम. खोलीच्या हवेपेक्षां तो कधींही थंड होऊं शकत नाहीं. म्हणून खोली जितकी तापेल तितका द्रव चढेल आणि तितकाच प्रोसेसर.

मातोश्रींच्या खोलींतील तापमापक आम्हीं माडीवर नेला. वहींतील पौषाची नोंद अशी होती: खोली २१, द्रव ३३, प्रोसेसर ७४. वैशाखांत दुपारीं तीनला खोली ४१ भरली. म्हणजे सगळेंच वीस अंशांनीं चढून द्रव ५३ व प्रोसेसर ९४ असावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत काम लावून पाहिलें तों द्रव ५७, प्रोसेसर ९८! बंद संचांतील द्रव ६० च्या वर जाऊं देऊं नये असा संकेत आहे, आणि आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० च्या सुमारास स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच उतरवितात. काळे चौकोन कोठून आले हें आतां निराळें सांगावयास नको. तापलेल्या सिलिकॉनांतून विजेची गळती वाढते, आणि जो दाब पौषांत त्या वेगास पुरला तोच वैशाखांत अपुरा पडतो. गणित चुकतें, पण यंत्र तोंडानें कांहींच सांगत नाहीं. चुकीचें उत्तरही तें बरोबर उत्तराइतक्याच गंभीरपणें देतें.

राहिले ते चार अंश. ते कोठून आले हें आम्हांस कळेना. शेवटीं पुतण्यानें पेटीचें झांकण काढून पंखे सोडविले, आणि रेडिएटरच्या पत्र्यांत आम्हांस चक्क कापूस दिसला! वर्धा-हिंगणघाटचा मुलूख कपाशीचा. हंगामांत सरकी काढण्याचे कारखाने चालूं झाले कीं बारीक तंतु हवेंत तरंगत राहतात. माडीची खिडकी त्या बाजूची. चार महिन्यांत तेथें गोधडीसारखा एक थर बसला होता. मऊ ब्रशानें व फुंकणीनें तो काढल्यावर द्रव मुकाट्यानें ५३ वर आला. वहिनी म्हणाल्या, “पाण्यावर एवढें वक्तृत्व झालें, आणि निघाला कचरा!”

त्यानंतर पुतण्यानें सर्व काम मुळापासून केलें, व तें आम्हीं शेजारीं बसून पाहिलें. वेग पूर्वीच्या ठिकाणीं आणून त्यानें प्रथम मदरबोर्डचें बायॉस अद्ययावत् केलें. ह्यास कारण आहे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर, मालकानें वेगास हात न लावतांही, अस्थिर होऊं लागले होते. ते गरजेपेक्षां अधिक दाब मागत असत हें त्यांतील एक मुख्य कारण निघालें. कंपनीनें ऑगस्ट २०२४ मध्यें त्यावर दुरुस्ती काढली आणि हमी दोन वर्षांनीं वाढविली; परंतु ज्या प्रोसेसरची झीज होऊन गेली होती तो दुरुस्तीनें पूर्ववत् होत नाहीं. उष्णता आज दिसते आणि आज उतरते. दाबानें होणारी झीज मात्र दिसत नाहीं व उतरतही नाहीं. तेव्हां दाबाची मर्यादा आधीं ठरवावी आणि वेगाच्या लोभानें ती ओलांडूं नये. त्यानें १.२५ व्होल्ट हीच शेवटची पायरी धरली व कमाल उष्णता ८५ अंशांवर बांधून टाकली. मग सर्व गाभ्यांचा वेग १०० मेगाहर्ट्झनें, म्हणजे एकेका पायरीनें, चढवीत गेला.

प्रत्येक पायरीस परीक्षा. त्यासाठीं ‘प्राइम९५’ नांवाची एक आज्ञावली आहे. हिची मूळ कामगिरी निराळीच. मर्सेन ह्या सतराव्या शतकांतील फ्रेंच पाद्र्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठीं १९९६ पासून जगभर जो सामुदायिक उद्योग चालला आहे, त्यासाठीं ती रचली गेली. ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं अवाढव्य गणितें ती प्रोसेसरकडून करविते आणि एक आंकडा चुकला तरी तत्काळ ओरडते. पौषांत पुतण्यानें ही परीक्षा घेतली होती, परंतु पहाटे, आणि अर्धाच तास! आतां ती दुपारीं दोन ते पांच घेतली. ५.२ वर तिसऱ्या तासास एक चूक निघाली, ५.१ वर एकही नाहीं. तेव्हां ५.१ हा वैशाखाचा वेग ठरला. कार्तिकांत थंडी पडल्यावर ५.२ ची पुन्हां परीक्षा घ्यावयाची, आणि दोन्ही मांडण्या बायॉसमध्यें निरनिराळ्या नांवांनीं जपून ठेवावयाच्या. त्यानें त्यांस ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’ अशींच नांवें दिलीं.

बंधूंनीं मध्यें एक सूचना केली कीं, रेडिएटरवर बर्फाची पिशवी ठेवून पाहावें. ती मात्र आम्हीं ठामपणें मोडून काढली. द्रव खोलीपेक्षां फार थंड झाला तर थंड पेल्याबाहेर जसे थेंब जमतात तसे ते ठोकळ्यावर व नळ्यांवर जमतील, आणि वहिनींचें भाकीत खरें होईल. हौशी मंडळींनीं २०२२ सालीं द्रवरूप हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झ ओलांडले हें खरें. पण तो तमाशा क्षणाचा असतो, त्यावर कोणी पोट भरीत नाहीं. कूलरची झोतही पेटीवर थेट घेऊं नये. तुषारांबरोबर क्षार येतात. खोलीची हवा उतरविण्यापुरता तो शेजारीं असावा, आणि तोही पावसाळा लागेपर्यंतच. दमट हवेंत त्याचा इलाज चालत नाहीं.

आतां प्रश्न उरला खोलीचा. माडीवर वर स्लॅब, पश्चिमेस भिंत. तेथें काय करणार? सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनीं भर उन्हाळ्यांत पाहिली असेल त्यांस मातीच्या भिंतीचें मोल सांगावयास नको. बंधूंच्या जुन्या घराचें माजघर तशाच दोन हात जाड भिंतीचें. दुपारींही तेथें पारा ३४ च्या वर जात नाहीं. पण तें मातोश्रींच्या निजण्याचें ठिकाण. रात्रभर पंख्यांची घरघर त्यांच्या उशाशीं कशी लावावयाची, म्हणून पुतण्या गप्प बसला आणि आम्हीही बसलों.

मातोश्री जपाची माळ बाजूस ठेवून म्हणाल्या, “माझीच ठेव आहे ना ती? राहूं दे माझ्याजवळ.”

त्याच रात्रीं यंत्र खालीं आलें. रेडिएटर पेटीच्या माथ्यावर, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपांत न अडकतां वर राहतील असा, नीट तपासून बसविला, आणि दहा वाजतां हुकलेल्या तारखेचें चित्र पुन्हां लावलें. पहाटे आम्ही पाणी पिण्यास उठलों, तों मातोश्री खाटेवर बसून चष्म्यांतून पडद्यावरील आंकडा वाचीत होत्या.

“एकोणऐंशी,” त्या हळूच म्हणाल्या. “जा, नीज तूं.”