नोकराचा करार व मालकाची लेखणी

पेढीवर कापसाच्या शंभर गाठींचा सौदा ठरला, भाव वहींत चढला, आणि माल उचलण्याच्या दिवशीं विकणारानें वेगळाच भाव सांगितला, तर आमचा व्यापारी वर्ग तें क्षणभरहि ऐकून घेणार नाहीं. परंतु त्याच पेढीवरील कारकुनाच्या हातीं एके सकाळीं छापील कागद देऊन ‘पुढील महिन्यापासून वेतन इतकें कमी, तास इतके जास्त, येथें सही करा’ असें सांगण्यांत त्याच वर्गास कांहीं वावगें वाटत नाहीं! सौदा मालाचा असो वा श्रमाचा, १८७२ च्या कराराच्या कायद्याचें बासष्टावें कलम त्यांतील फेरबदलास दोन्ही पक्षांची संमति मागतें.

हें तत्त्व रुजण्यास मात्र फार काळ लागला. १८५९ च्या तेराव्या कायद्यानें, उचल घेऊन काम टाळणाऱ्या व न्यायाधीशाचा हुकूम न मानणाऱ्या मजुरास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगांत घालण्याची सोय केली होती. करार मोडणाऱ्या मालकास त्यांत शिक्षा नव्हती. हा एकडोळ्या कायदा रद्द करण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. त्याच वर्षीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात केली आणि सुमारें दीड लाख मजूर बाहेर पडले. डिसेंबरांत सरकारनें देशी कापडावरील साडेतीन टक्के कर तहकूब केला, तेव्हां कपात मागें घेण्यांत आली. तो कर लँकेशायरच्या हितासाठीं बसविलेला होता. परक्यांनीं लादलेला भार मालकांनीं आधीं मजुराच्या ताटांतून वसूल करावयास काढला, याची आठवण आमच्या स्वदेशी भांडवलवाल्यांनीं ठेवलेली बरी.

१९५६ च्या दुरुस्तीनें औद्योगिक कलहाच्या कायद्यांत पूर्वसूचनेचें कलम आलें, व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेंतहि तें राहिलें आहे. वेतन, कामाचे तास, रजा अशा बाबींत बदल करावयाचा तर कामगारांस नोटीस दिली पाहिजे आणि एकवीस दिवस थांबलें पाहिजे. परंतु व्यवस्थापक, किंवा दरमहा अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, या छत्राखालीं येत नाहीं. त्याला कराराचा कायदा आणि दिवाणी कोर्ट एवढाच आधार. आणि दिवाणी कोर्ट खासगी मालकास नोकर ठेवून घ्यावयास सहसा लावीत नाहीं, फार तर नुकसानभरपाई देववितें. पांढरपेशा नोकर आपणांस मजुराहून सुरक्षित समजतो. तो भ्रम आहे.

मग असा कागद हातीं आलेल्यानें काय करावें? प्रथम सही करूं नये. वाचण्यास मुदत मागावी व मूळ नेमणूकपत्र काढून पाहावें, कारण बदलीसारखे कांहीं अधिकार मालकानें त्यांत आधींच राखून ठेवलेले असतात. त्यानंतर आपली हरकत लेखी द्यावी व पोंच घ्यावी. तोंडी कुरकुर पुराव्यांत येत नाहीं. उलट, नव्या दरानें कित्येक महिने मुकाट्यानें पगार घेतला तर कोर्ट त्या मौनाचा अर्थ संमति असा लावूं शकतें. कामावर जाणें बंद करूं नये. हरकत राखून काम चालू ठेवावें. रागाच्या भरांत दिलेला राजीनामा मालकास फुकट मिळालेली देणगी होय. शक्य असेल तेथें दहा जणांनीं मिळून एकच अर्ज करावा, कारण एकट्याची हरकत फाईलींत निजते.

मालकांनाहि आमचें एक सांगणें आहे. धंदा खरोखर मंदींत असेल तर वह्या उघडून नोकरांशीं बोलावें. निम्मी पेढी बुडण्यापेक्षां थोडी कपात बरी, हें समजण्याइतके ते शहाणे असतात. बोलणें होऊन नवा दर ठरला तरी तो ठरल्या दिवसापासून पुढें लागू करावा. झालेल्या कामाचें वेतन जुन्या दरानेंच चुकतें केलें पाहिजे.