पहिल्या अंघोळीची घाई नको

बाळ जन्मले, की नातेवाईक आधी विचारतात, मुलगा की मुलगी? त्यानंतरचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "अंघोळ घातली का?"

माहेर नागपूरचे आणि सासर भिलाईतल्या कुरुदचे असले, तर सल्ला दोन्हीकडून येतो. नागपूरची आजी खोबरेल तेल नि डाळीचे पीठ काढून ठेवते, तर कुरुदची शेजारीण मोहरीचे तेल कोमट करून आणते. खोलीत गोरसी पेटते. या सगळ्यात माया असते, यात शंका नाही. पण नवजात बाळाला सर्वांत आधी हवी असते ती ऊब.

आईच्या पोटात बाळ सदतीस अंशांच्या उबेत असते. बाहेर येते ते ओले. शरीरावर चरबी कमी, डोके मोठे, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर निघून जाते. म्हणून जन्मताच बाळाला कोरडे पुसावे आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालावे. पहिली अंघोळ निदान 24 तास थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नव्हे. तो त्वचेचे रक्षण करतो, खरवडून काढू नका. वजन कमी असेल, तर अंघोळ कधी घालायची ते डॉक्टरांनाच विचारा.

ऊब किती मोलाची, हे छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, त्यावर औषध कसे द्यायचे, हे सारे त्यात होते. 1993 ते 1995 या काळात त्या गावांत हजारामागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. 1997-98 मध्ये हा आकडा 25 वर आला. पुढे 2011 पासून देशभर आशा ताई घरोघर जाऊन बाळाला पाहू लागल्या. छत्तीसगडात हे काम मितानिन करते. ती घरी आली, की संकोच न करता शंका विचारा.

नाळ गळून पडेपर्यंत टबात किंवा पाटावर अंघोळ नको, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने अंग पुसले तरी पुरते. नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काहीही लावू नका. ती कोरडी राहिली, की आपली आपण गळते.

नंतरही रोज अंघोळ हवीच असे नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दुपारची वेळ बरी. खिडक्या, पंखा बंद करा. टॉवेल, झबले, टोपडे, लंगोट हाताशी घेऊनच बसा. ओले बाळ एकटे ठेवून काही आणायला उठू नये. पाणी कोपराला कोमट लागेल इतपतच. बाळंतिणीचे कढत पाणी बाळाला चालत नाही. आधी तोंड पुसा, डोळे आतून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. डोके शेवटी धुवा आणि लगेच टिपा. मान, काखा, जांघा या घड्या नीट कोरड्या करा. मुलगी असेल तर पुढून मागे पुसा. पाच मिनिटांत सारे आटोपले पाहिजे.

मालिश मात्र खुशाल करा. हलक्या हाताने, अंघोळीच्या आधी. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचेची आग होऊ शकते, त्यापेक्षा खोबरेल सौम्य. पिठाने अंग रगडणे, नाका-कानात तेल सोडणे, छाती पिळून 'दूध काढणे' हे सारे बंद. टाळू तेलाने भरत नाही. साधारण 9 ते 18 महिन्यांत हाडे जुळून ती आपोआप भरते. काजळात शिसे असू शकते. धुरीचा आणि गोरसीचा धूर बाळाच्या छातीला त्रास देतो, खोली गरम करायचीच तर धूर कोंडू देऊ नका.

सासूबाईंना हे सांगायचे कसे? "तुमचे चुकते," असे म्हटले, की वाद ठरलेला. "आई, अंघोळ उद्या घालू, आज मालिश तुम्हीच करा," असे म्हणून पाहा. त्यांच्या हातातली सवय मालिशीत उपयोगीच पडते.

दिवसातून दोन-तीनदा बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावा. पोट गरम नि पाय गार लागले, तर बाळ गारठू लागले आहे. लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागले, अंग तापले, बाळ दूध ओढेनासे झाले, मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागले, नाळेभोवती लाली किंवा पू दिसला, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्या दिवशी अंघोळ राहू द्या आणि बाळाला तसेच छातीशी धरून दवाखाना गाठा.