लहान घराची हवा आणि ऊब

थंड प्रदेशातील घराला हिवाळ्यात दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: ताजी हवा आणि ऊब. खिडकी उघडली की ऊब जाते, बंद ठेवली की हवा कोंदते. हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन, म्हणजेच उष्णता राखून हवा बदलण्याची पद्धत, या पेचावरचा उपाय आहे. बाहेर जाणारी वापरलेली हवा आपली बरीचशी उष्णता मागे ठेवते आणि आत येणारी ताजी हवा ती घेऊन येते. 1991 साली जर्मनीतील डार्मस्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात पहिले पॅसिव्ह हाउस, म्हणजे अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे घर, उभे राहिले. बो अडामसन आणि वोल्फगांग फाइस्ट यांच्या या संकल्पनेत हे वायुवीजन हा घराचा कणाच होता. मात्र तेथील रचनेत एक मोठे यंत्र आणि त्यापासून खोल्याखोल्यांत जाणारे डक्ट होते. अडीच मीटर उंचीच्या, पंचेचाळीस-पन्नास चौरस मीटरच्या जुन्या सदनिकेत एवढ्या पसाऱ्याला जागा नसते. म्हणून कमी जागेत बसणारी यंत्रे आली. ‘ही लहान यंत्रे म्हणजे अनावश्यक चोचले आहेत’, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. तो तपासून पाहिला तर टिकत नाही.

या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात बाहेरच्या भिंतीला साधारण 16 सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून त्यात एक नळकांडे बसवतात. नळकांड्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा आणि दोन्ही दिशांना फिरणारा छोटा पंखा असतो. साधारण मिनिटभर पंखा खोलीतली हवा बाहेर ढकलतो आणि त्या वेळात ठोकळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो, बाहेरची गार हवा त्याच तापलेल्या छिद्रांतून आत येते आणि कोमट होते. अशी दोन यंत्रे जोडीने चालवतात. एक हवा घेत असते तेव्हा दुसरे सोडत असते. दुसऱ्या प्रकारात पातळ पत्र्यांच्या थरांमधून दोन्ही प्रवाह एकाच वेळी, एकमेकांत न मिसळता, उलट दिशांनी वाहतात. हे यंत्र भिंतीच्या जाडीत, खिडकीच्या चौकटीशेजारी किंवा न्हाणीघराच्या फॉल्स सीलिंगवर मावते.

पहिला आक्षेप सर्वांत जुना आहे आणि तो वरवर पाहता रास्तही वाटतो: खिडकी फुकट आहे, ती बिघडत नाही, मग यंत्र कशाला? जर्मनीत दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा बदलण्याची रीत घरोघरी रुजलेली आहे. रीत चांगलीच आहे, पण ती पुरी पडत नाही. बारा चौरस मीटरच्या शयनगृहात सुमारे 30 घनमीटर हवा असते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण 13 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे झोपले आणि खोली घट्ट बंद असली तर दर तासाला दहा लाख भागांमागे साडेआठशेहून अधिक भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण 420 च्या आसपास असते. 19व्या शतकात म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी राहत्या खोलीसाठी 1000 ची मर्यादा सांगितली. रात्री अकरा वाजता खोली कितीही मोकळी केली, तरी ही मर्यादा तासाभरातच ओलांडली जाते, आणि पुढचे सहा-सात तास खिडकी उघडायला कोणी जागे नसते. खिडकी रात्रभर किलकिली ठेवावी, तर चौकटीलगतची भिंत गार पडते आणि ऊब अखंड वाया जाते. अडचण शिस्तीच्या अभावाची नाही. हवेची गरज सलग आहे आणि खिडकी उघडणे मात्र अधूनमधून घडते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: भिंतीवर बुरशी येते ती राहणाऱ्यांच्या सवयींमुळे. ते कपडे आत वाळवतात, झाकण न ठेवता शिजवतात, हवा खेळू देत नाहीत. येथे भौतिकशास्त्राची साक्ष काढावी लागते. 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता ही घराची अगदी सामान्य स्थिती. ही हवा 12.6 अंशांहून गार पृष्ठभागाला टेकली की तेथील आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढे पुरते, भिंतीवर पाण्याचे थेंब दिसण्याचीही गरज नसते. कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा हा अंक सहज गाठतो, कारण तिथे खोलीची ऊब पोचतच नाही. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून ही वाफ पूर्वी निघून जात असे. नव्या घट्ट खिडक्यांनी ती वाट बंद केली. दोन माणसे नुसती झोपली तरी रात्रभरात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. श्वास घेणे ही सवय नव्हे, आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही.

दोष राहणाऱ्यांवर ढकलण्याची किंमत किती मोठी असते हे इंग्लंडने पाहिले आहे. रॉचडेल येथील सामाजिक गृहसंस्थेच्या लहान सदनिकेत राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर 2020 मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे जडलेला श्वसनविकार हे त्याच्या मृत्यूचे कारण होते, असा निष्कर्ष नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यू-चौकशीत निघाला. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातील अपुरे वायुवीजन हा त्या चौकशीतला एक मुद्दा होता. पुढच्याच वर्षी सामाजिक घरांविषयीच्या कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली आणि ऑक्टोबर 2025 पासून ओल-बुरशीची दखल ठरलेल्या मुदतीत घेणे घरमालक संस्थांवर बंधनकारक झाले. लहान घरात वायुवीजन हा चैनीचा विषय नाही, हे यानंतर तरी पुन्हा सांगावे लागू नये.

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे: पंखा वीज खातो, मग बचत कसली? एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला 0.34 वॉट-तास उष्णता लागते. बाहेर शून्य आणि आत 20 अंश असताना तासाला 30 घनमीटर हवा बदलली, तर सुमारे 204 वॉट उष्णता सतत बाहेर जाते. यंत्राने त्यातली 80 टक्के राखली तर 163 वॉट वाचतात. एवढी हवा हलवणारा पंखा चार-पाच वॉट घेतो. बाहेरचे तापमान वाढत जाते तशी बचत घटते, पण कडक थंडीच्या महिन्यांत पारडे कोणत्या बाजूला झुकते याविषयी शंका उरत नाही.

चौथ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे: जाहिरातीतले 90 टक्के प्रत्यक्षात मिळत नाहीत आणि यंत्र आवाज करते. दिशा बदलणाऱ्या छोट्या पंख्याचा जोर कमी असतो. उंच मजल्यावर वाऱ्याचा दाब आला की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा तोल ढळतो. न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की तो याच नळकांड्यातून थंड हवा ओढतो आणि सिरॅमिकला तापायला वेळच मिळत नाही. शिवाय ठोकळ्यावर साचलेली ओल परतणारी हवा पुन्हा आत आणते. शयनगृहात त्यामुळे हवा फार कोरडी पडत नाही, पण न्हाणीघरात हाच गुण दोष ठरतो. पूर्ण वेगात पंख्याची घरघर ऐकू येते आणि भोकातून रस्त्याचा गोंगाटही आत शिरतो. या सगळ्या उणिवा खऱ्या आहेत. परंतु त्या चुकीच्या निवडीविरुद्ध बोलतात. मूळ तत्त्वाला त्यांनी धक्का लागत नाही.

योग्य निवडीचे नियम त्यातूनच निघतात. वारा बेताचा असलेल्या खालच्या मजल्यांवरच्या शयनगृहांत सिरॅमिकची जोडी चांगली चालते. उंच मजल्यावर आणि न्हाणीघरासाठी उलट प्रवाहांचे, जोरदार पंख्याचे यंत्र घ्यावे. मधल्या वेगात गरज भागेल एवढ्या क्षमतेचे यंत्र निवडले की रात्री पंख्याचा त्रास होत नाही. नळकांड्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे साचलेले पाणी आत येत नाही. छोटे मध्यवर्ती यंत्र बसवायचे असेल तर ताजी हवा फक्त शयनगृहांत सोडावी, ती दारांखालच्या फटींतून बैठकीच्या खोलीत यावी आणि न्हाणीघर-स्वयंपाकघरातून बाहेर जावी. एकच हवा दोनदा उपयोगी पडते आणि डक्टची लांबीही कमी होते. जाळ्या काही महिन्यांनी बदलाव्या किंवा धुवाव्या. चुलीवरच्या धुरासाठी वेगळी चिमणी हवीच. फ्रँकफर्ट किंवा लंडनच्या सदनिकेत रोज फोडणी देणाऱ्या मराठी घराने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तेलाची वाफ जाळी आणि ठोकळा दोन्ही बुजवते.

हे मंडन सर्व हवामानांना लागू नाही. मुंबईत आत-बाहेरचा फरक बहुतेक काळ काही अंशांचाच असतो. तिथे राखण्याजोगी उष्णता नसते, आणि आडव्या वाऱ्याची खिडकी व चांगला एक्झॉस्ट पंखा अधिक कामाचा. वातानुकूलित बंद घरात आर्द्रताही अडवणारे पटल असलेले यंत्र उपयोगी पडू शकते, पण त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

थंड प्रदेशातील दिशा मात्र स्पष्ट आहे. जर्मनीच्या 2009 पासूनच्या डीआयएन 1946-6 या मानकानुसार, अनेक सदनिकांच्या इमारतीत एक तृतीयांशाहून अधिक खिडक्या बदलल्या तर वायुवीजनाचा आराखडा करावा लागतो, आणि ओलीपासून संरक्षणापुरती हवा राहणाऱ्याने काही न करताही बदलत राहिली पाहिजे. हाच दंडक सर्वत्र हवा. जो घरमालक खिडक्या घट्ट करतो, त्याने त्याच कामात हवेची वाटही करून द्यावी. लहान घरात राहणाऱ्यांना ऊब आणि श्वास यांतले एक निवडायला लावणे अन्यायाचे आहे, आणि भिंतीतल्या एका भोकाइतक्या जागेत तो दूर होत असताना तर ते मुळीच समर्थनीय नाही.